आयर्विनला किती फूट? कारखान्यातला निरोप मोजायचा कसा

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत कुणी कुणाला भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आयर्विनला किती फूट?" कोयनेतून किती हजार क्युसेक सोडलं हे टीव्हीवर सांगतात, पेपरात येतं. पण कर्नाळ रोडच्या माणसाला क्युसेकशी देणंघेणं नसतं. त्याला फूट कळतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019 ला पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा गावाने हा आकडा तासातासाला ऐकला. क्युसेक म्हणजे धरणाने किती सोडलं, आणि फूट म्हणजे आपल्या दारात किती आलं. फ्रिज माळ्यावर चढवायचा की नाही, हे फुटावरून ठरतं.

मी कुपवाड एमआयडीसीत एका मध्यम कारखान्यात एचआर बघते. फाउंड्री आणि मशीन शॉप मिळून 240 माणसं, त्यातली 150 कायम आणि 90 कंत्राटी. कंपनीने आपल्याच माणसांना काय सांगायचं, कसं सांगायचं आणि ते पोचलं की नाही कसं ओळखायचं, याला आमच्या धंद्यात 'इंटर्नल कम्युनिकेशन' असं भारदस्त नाव आहे. पुढे मी त्याला साधं निरोप म्हणणार आहे. या निरोपाच्या बाबतीत मी बरीच वर्षं क्युसेक मोजत होते. माझी चूक कशी उघडी पडली, ते सांगितलं की बाकीचं समजायला सोपं जाईल.

विषय पीएफच्या ई-नॉमिनेशनचा होता. कामगाराचं काही बरंवाईट झालं तर त्याचे पीएफचे पैसे, पेन्शन आणि विम्याची 7 लाखांपर्यंतची रक्कम कुणाला मिळावी, हे त्याने स्वतः पोर्टलवर नोंदवायचं असतं. लग्नानंतर ते नव्याने करावं लागतं. केलं नसेल तर घरच्यांना वारसाचे कागद गोळा करत हेलपाटे घालावे लागतात. म्हणजे निरोप अगदी महत्त्वाचा. मी काय केलं? गेटजवळच्या बोर्डावर नोटीस लावली, व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनदा टाकली, कँटीनमध्ये माइकवरून सांगितलं. तीन आठवड्यांनी मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये स्लाइड दाखवली, 'संवाद 100 टक्के पूर्ण'. कुणी काही विचारलं नाही. चहा आला, विषय संपला.

मग एक दिवस फेटलिंगमधल्या, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करतात तिथल्या, एका मामांना सहज विचारलं.

"मामा, ती नॉमिनेशनची नोटीस वाचली का?"

"वाचली की ओ मॅडम."

"मग भरलं का?"

"आमी काय भरायचं त्यात? पीएफ तर कंपनीच भरती की."

मी नोटीस पुन्हा जाऊन वाचली. 'सर्व कर्मचाऱ्यांनी ई-नॉमिनेशन भरणे अनिवार्य आहे.' मामांचं काय चुकलं? पीएफ आणि 'भरणे' हे दोन शब्द शेजारी आले की कामगाराच्या डोक्यात पैसे भरणंच येणार. वाक्य मी लिहिलं होतं, आणि लिहिताना डोळ्यासमोर मामा नव्हते, लेबर ऑफिसचे इन्स्पेक्टर होते.

निरोपाच्या या प्रवासाला चार पायऱ्या असतात. तुम्ही काय पाठवलं ही पहिली. समोरच्याने काय घेतलं, म्हणजे पाहिलं, समजलं, लक्षात ठेवलं, ही दुसरी. त्याने वेगळं काय केलं ही तिसरी, आणि त्यामुळे शेवटी कंपनीचं किंवा त्याच्या घरचं काय बदललं ही चौथी. जगभरचे लोक थोड्याफार फरकाने हीच शिडी वापरतात. संवादाची मोजमापं करणाऱ्यांची 'अमेक' नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. 2010 मध्ये बार्सिलोनात या मंडळींनी काही तत्त्वं ठरवली, ती 'बार्सिलोना तत्त्वं' म्हणूनच ओळखली जातात. त्यात मुख्य आग्रह दोन गोष्टींचा होता. आधी उद्दिष्ट ठरवा, आणि किती पाठवलं एवढंच न मोजता काय परिणाम झाला ते मोजा. त्याआधी जनसंपर्कवाले पेपरात बातमी किती सेंटिमीटर आली ते मोजून तिला जाहिरातीच्या दराने गुणायचे आणि एवढ्या लाखांचं काम झालं म्हणून सांगायचे. माझी '100 टक्के पूर्ण'वाली स्लाइड त्याच जातीची होती.

मामांच्या उत्तरानंतर मी टाइम ऑफिसमध्ये बसून खरी मोजणी केली. नॉमिनेशन झाल्याची प्रिंट आणून दाखवलेले कायम कामगार किती, तर 150 पैकी 34. वाईट वाटलं, पण त्याहून वाईट पुढे होतं. टाइम ऑफिसमधला मुलगा म्हणाला, "मॅडम, कंत्राटाची पोरं धरली न्हाईत." त्यांचा पीएफ ठेकेदाराच्या कोडवर, म्हणून ती माझ्या यादीतच नव्हती, व्हॉट्सॲप ग्रुपवरही नव्हती. त्या 90 जणांत तिघांचंच झालेलं. म्हणजे 240 मध्ये 37. टक्केवारी काढताना सगळे वरच्या आकड्याशी भांडतात, पण खरी लबाडी खालच्या आकड्यात होते. भागायचं कितीने हे आधी ठरवा. निरोप ज्या ज्या माणसाला लागू आहे तो प्रत्येक जण त्यात आला पाहिजे, मग तो ग्रुपवर असो नसो, त्याला मराठी येवो न येवो. आमच्याकडे मोल्डिंगला अर्धी पोरं बिहार-ओडिशाची आहेत. 1948 च्या कारखाने कायद्यातल्या कलम 108 नेसुद्धा कायद्याखालच्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, दर्शनी जागी लावायला सांगितलं होतं. आता बहुसंख्य म्हणजे मराठी, हे आमच्या कारखान्याला लागू पडतं. पण मोल्डिंगच्या शेडपुरतं पाहिलं तर लागू पडत नाही.

पुढची पायरी होती, का झालं नाही हे शोधायची. इथे बहुतेक कंपन्या गूगल फॉर्म पाठवतात. मग ज्यांना फॉर्म भरता येतो तेच भरतात, आणि आपल्याला समजतं की सगळ्यांना फॉर्म भरता येतात! मी मस्टर घेतलं आणि प्रत्येक आठव्या नावावर खूण केली. 240 मधून 30 नावं निघाली. कोण भेटतोय, कोण गोड बोलतोय, याला त्यात जागा नाही. नाइटवाला आला तर रात्री जायचं. तीन दिवस लागले.

30 माणसं विचारून 240 चं कसं कळतं, असं आमच्या प्रॉडक्शनच्या साहेबांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. नेमका आकडा कळत नाहीच. उत्तर पंधरा-सतरा टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. निम्म्यांना समजलं असं निघालं तर खरा आकडा तेहतीस ते सदुसष्टच्या दरम्यान कुठेही असू शकतो. 100 जणांना विचारलं तर हीच चूक सात-आठ टक्क्यांवर येते. पण मला 48 आणि 52 मधला फरक नकोच होता. मला हवं होतं की अडलंय कुठे, आणि तेवढ्यासाठी 30 पुरतात. भाताचं शीत दाबून बघतोच ना आपण. फक्त शीत पातेल्याच्या मधूनही घ्यायचं, वरवरचंच नाही.

प्रश्न विचारण्यात एक मेख आहे. "नोटीस वाचलीत का?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात. समोर एचआरची बाई उभी आहे, कोण नाही म्हणेल? म्हणून मी विचारलं, "नोटीस कशाची आहे, मला सांगा बरं." आणि मग, "तुम्ही काय केलंत?" 30 पैकी 24 जणांनी नोटीस पाहिली होती. मुद्दा सांगता आला 11 जणांना. करून बघितलं होतं सात जणांनी, आणि पूर्ण झालं होतं चौघांचं. उरलेल्या तिघांचं कुठे अडलं? ई-साइनसाठी ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या मोबाइल नंबरवर, आणि तो नंबर कधीच बंद पडलेला. एकाचा तर आधारला मेव्हण्याचा नंबर होता, आणि मेव्हण्याशी बोलणं बंद.

म्हणजे गळती दोन ठिकाणी होती आणि दोन्हींची औषधं वेगळी. 24 वरून 11 वर घसरलं ते माझ्या भाषेमुळे. ते मी दुरुस्त करू शकत होते. 'तुमच्या माघारी पीएफचे पैसे घरात कुणाला मिळावेत, त्याचं नाव मोबाइलवर नोंदवा' असं लिहिलं की झालं, आणि खाली तेच हिंदीत. सातावरून चारावर आलं त्यात मात्र निरोपाचा दोष नव्हता. तिथे मी आणखी दहा नोटिसा लावल्या असत्या तरी बंद सिमवर ओटीपी आला नसता. पोस्टाच्या बँकेचे लोक आधारचा मोबाइल नंबर बदलून देतात. त्यांना कँटीनमध्ये टेबल टाकून बसवलं, पगाराच्या दिवशी, दोन्ही शिफ्टच्या मधल्या वेळेत. दोन महिन्यांनी मोजलं तेव्हा 240 पैकी 161 झाले होते.

एवढं झाल्यावर मला 'स्ट्रॅटेजी' शब्दाचा अर्थ लागला. तोवर माझी स्ट्रॅटेजी म्हणजे वर्षाचं कॅलेंडर होतं. जानेवारीत सुरक्षा, मार्चमध्ये महिला दिन, जूनमध्ये वृक्षारोपण. ते वेळापत्रक झालं. स्ट्रॅटेजी म्हणजे पाठवण्याआधी कागदावर उतरवलेलं एक वाक्य, ज्यात कुणी, काय वेगळं करायचं, कधीपर्यंत आणि आज किती जण करतात, हे चारही असतं. 'सुरक्षेबाबत जागरूकता वाढवणे' हे वाक्य त्यात बसत नाही. जागरूकता किती फूट वाढली हे कुठल्या पुलावर बघायचं? त्याऐवजी 'ग्राइंडिंगची 22 माणसं गॉगल घालून काम करताना आज नऊ दिसतात, दिवाळीपर्यंत 22 दिसावीत' असं लिहिलं की मोजणं आपोआप येतं. रोज वेगळ्या वेळेला शेडमधून चक्कर मारायची आणि डोकी मोजायची. आज किती आहे हे आधी मोजून ठेवायचं असतं, नाहीतर नंतर सगळं श्रेय आपण आपल्याच नोटिशीला देऊन मोकळे होतो.

निरोप नेणार कोण, हा यातला सगळ्यात अवघड भाग. बोर्ड आहे, ग्रुप आहे, पण कामगार विश्वास ठेवतो सुपरवायझरवर. आमच्याकडे साहेब मॅनेजरला सांगतात, मॅनेजर शिफ्ट इनचार्जला, इनचार्ज सुपरवायझरला, आणि सुपरवायझर टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या छोट्या बैठकीत, माणसांना. समजा प्रत्येक टप्प्यावर पाचातले चार भाग पुढे गेले. चार टप्प्यांनंतर किती उरतं? शंभरातले एक्केचाळीस. कुणी मुद्दाम अडवलं नाही तरीही. शिवाय सुपरवायझरचे हाल वेगळेच. बोनसची नोटीस आमच्याकडे एका वर्षी बोर्डावर सकाळी लागली आणि सुपरवायझरांना ती कामगारांसोबतच समजली. पोरं विचारतायत, "हे एक्स-ग्रेशिया म्हंजे काय ओ?" आणि कायद्याच्या बोनसपलीकडे कंपनी आपणहून देते ती रक्कम, एवढंही त्याला सांगता येत नाही. माणसाची गेली की पत! तेव्हापासून कुठलाही मोठा निरोप सुपरवायझरांना आदल्या दिवशी मिळतो, आणि सोबत पोरं विचारतील असे तीन प्रश्न उत्तरांसकट. माझ्या सगळ्या प्रयोगांत एवढ्या स्वस्तात इतका फरक पाडणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

व्हॉट्सॲपबद्दल लोक फार खूश असतात, म्हणून थोडं. ग्रुपवरच्या तुमच्या मेसेजवर बोट दाबून इन्फो बघितलं की कुणी वाचलं त्यांची नावं दिसतात. वैयक्तिक चॅटमध्ये निळी टिक बंद करता येते, ग्रुपमध्ये नाही. त्यामुळे 'वाचलं' हा आकडा मिळतो. पण मामांचा फोन संध्याकाळी नातवाच्या हातात असतो. निळी टिक नातवाची. ऑफिसच्या ई-मेलचंही तसंच. मेल उघडल्याचे जे टक्के येतात ते 2021 पासून आणखी बेभरवशाचे झालेत, कारण ॲपलच्या मेल ॲपने तेव्हापासून माणसाने मेल उघडायच्या आधीच त्यातली चित्रं परस्पर उतरवून ठेवायची सोय दिली, आणि उघडल्याची मोजणी त्या चित्रांवरूनच होते. हे आकडे कानाआड टाकू नयेत, पण त्यावर स्लाइडही करू नये.

मोजायची सवय लागली की नवा आजार येतो. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने 1975 मध्ये बँकेच्या धोरणांबद्दल लिहिताना जे मांडलं, ते आज असं सांगतात की माप हेच लक्ष्य झालं की ते माप कामाचं राहत नाही. आम्हाला यासाठी बँक नको, निअर मिसची पेटी पुरली. निअर मिस म्हणजे अपघात होता होता वाचला, त्याची चिठ्ठी. आधी बोर्ड लावला, 'या महिन्यात निअर मिस शून्य' आणि विभागाला शाबासकी. चिठ्ठ्या बंद. मग कुणीतरी उलटं फर्मान काढलं, प्रत्येक सुपरवायझरने महिन्याला पाच चिठ्ठ्या द्यायच्याच. महिन्याच्या 30 तारखेला पेटीत चिठ्ठ्यांचा पाऊस, सगळ्यांवर एकच मजकूर, 'पायरीवर तेल सांडले होते'. आमच्या पायऱ्यांवर तेव्हा इतकं तेल होतं की भजी तळून निघाली असती. आता आम्ही चिठ्ठ्या मोजत नाही. किती चिठ्ठ्यांवर आठ दिवसांत काही केलं, आणि चिठ्ठी देणाऱ्याला जाऊन सांगितलं, ते मोजतो. चिठ्ठ्या आपोआप खऱ्या झाल्या, अगदी सगळ्या नाही, पण बऱ्याच.

यातून निरोपाची दुसरी बाजू दिसते. निरोप खालून वरही जायला हवा. 100 किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींची कामगार समिती नेमायची तरतूद 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती असते. मी बसते त्या समितीत आम्ही एक गोष्ट सुरू केली. मीटिंगची सुरुवात 'बाहेर टपरीवर काय बोलतायत?' या प्रश्नाने. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर कंपनीबद्दल जे चालू असतं, ते माझ्या कुठल्याही सर्व्हेपेक्षा लवकर खरं सांगतं. कुठली अफवा फिरतेय त्यावरून आपण काय सांगायचं राहून गेलं ते दिसतं. 'प्लांट चाकणला हलवणार' ही अफवा आमच्याकडे सहा महिने फिरत होती, कारण दोन मशीन गेली ती कुठे गेली हे कुणी सांगितलंच नव्हतं. दुरुस्तीला गेली होती.

नाव न लिहायच्या सर्व्हेबद्दल एकच सांगते. फॉर्मवर नाव नाही, पण विभाग, शिफ्ट आणि नोकरीची वर्षं विचारली, तर कोअर शॉपच्या नाइटमध्ये 18 वर्षं झालेला माणूस एकच आहे. त्याला ते तुमच्याआधी कळतं.

आपल्या जिल्ह्याला हे सगळं नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि 1920 मध्ये तिथून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची खबर देणारं ते पत्र पुढे महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. त्याआधी लोखंडी नांगराने जमीन नासते असं शेतकरी मानत होते आणि किर्लोस्करांचा नांगर खपत नव्हता. हे मी नव्या पोरांना का सांगते, तर त्या काळात खबर पोचली की नाही याचं माप सरळ होतं. शेतात कुठला नांगर चाललाय ते बांधावरून दिसत होतं.

पुराचं राहिलं. कुपवाड उंचावर, कारखान्यात पाणी येत नाही. पण माणसं सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड, हरिपूर, पलूसच्या नदीकाठची. पाणी वाढलं की कामावर यायचं की सामान हलवायचं, हा घोळ दरवर्षी. म्हणून नियम केला की आयर्विन 35 फुटांवर गेलं की नदीकाठच्या यादीतल्या माणसांनी यायचं नाही. नोटीस छान लिहिली, फूट वापरलं, दोन भाषांत लावली, सुपरवायझरांना आदल्या दिवशी दिली. मग यादीतल्या 20 जणांना विचारलं, "35 झालं तर काय कराल?" सगळ्यांनी बरोबर सांगितलं, "यायचं न्हाई." मी खूश. जाता जाता एकाला विचारलं, "मग नाही ना येणार?"

"येणार की ओ. खाडा पडतोय न्हवं."

पगार कापणार नाही हे आमचं ठरलं होतं, मंजूरही होतं, नोटिशीत लिहायचंच राहिलं होतं. बाकीच्या 19 जणांकडे परत गेले, त्यांतले 14 येणारच होते. आता त्या नोटिशीत पहिली ओळ खाड्याची आहे, फूट दुसऱ्या ओळीत.